बदलीचा माणूस

दुसऱ्या मजल्यावरचा फोन वाजला की मालिनीताई हातातलं टाकून धावायच्या, आणि तरी दर वेळी हरायच्या. त्या पोचायच्या आत हेर झाइडलनी, म्हणजे झाइडलसाहेबांनी, रिसीव्हर उचललेला असायचा. वय सत्त्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, सकाळी ब्रेडला काय लावून खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण फोनच्या बाबतीत म्हाताऱ्याची चपळाई बघावी! खुर्चीतल्या खुर्चीत पाठ ताठ करून, रिसीव्हर कानाला लावून, खणखणीत रशियनमध्ये ते सांगायचे, "ड्यूटी अधिकारी ऐकतोय."

पलीकडे असायची कुणाची तरी लेक, आईच्या सर्दीची चौकशी करणारी. हल्लीच्या दिवसांत जर्मनीत फोनमधून असा रशियन आवाज आला, की लोकांची पाचावर धारण बसते. एका बाईंनी तर फोन ठेवून सरळ पोलिसांनाच कळवलं. मग मालिनीताईंनी धापा टाकत रिसीव्हर ताब्यात घ्यायचा, चार वेळा 'एन्टशुल्डिगुंग' म्हणून माफी मागायची आणि समजावून सांगायचं, की नाही हो, इथे कुणी कब्जा वगैरे केलेला नाही, आमचे एक आजोबा आहेत, वय झालंय त्यांचं.

ड्रेस्डेनमधलं हे फ्लेगेहाइम, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं घर. मालिनी देवरे तिथे बेट्रॉयुंगचं काम करायच्या. नाव मोठं भारदस्त, पण काम काय, तर औषध द्यायचं नाही, इंजेक्शन टोचायचं नाही. म्हाताऱ्यांजवळ बसायचं, पेपर वाचून दाखवायचा, पत्ते खेळायचे, कुणी रडलं तर डोळे पुसायचे. घरी गेलं की पुन्हा तेच काम, फक्त बिनपगारी. यजमान यशवंतराव इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होते. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, नोकरी गेली, आणि उरलेली सगळी ताकद जिभेवर येऊन बसली. "अगं, चहा." "अगं, उशी." "अगं, कुठे मेलीस?" मुलगा मल्हार तिकडे वोल्फ्सबुर्गला, गाड्यांच्या कंपनीत. रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. नात अन्वी स्क्रीनवरून 'हालो ओमा' म्हणायची आणि आजीच्या मराठीला जर्मनमधून उत्तर द्यायची. मल्हार विचारायचा, "आई, सगळं ठीक ना?" आणि आई म्हणायची, "ठीक रे बाबा, एकदम ठीक."

कसलं ठीक! यशवंतरावांना रात्रीतून कितीदा तरी कूस बदलून द्यावी लागायची. सलग झोप म्हणजे काय असतं, ते मालिनीताई विसरूनच गेल्या होत्या. थकवा अंगात इतका मुरला होता, की हा थकवा आहे हेही त्यांच्या लक्षात येत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपलं वय झालं.

म्हाताऱ्याचं ते रशियन मालिनीताईंना समजायचं. आता या बाईला रशियन कुठून येत होतं, असं तुम्ही विचाराल. अहो, ओझरची मुलगी ती! नाशिकजवळ ओझरला रशियाच्या मदतीने मिग विमानांचा कारखाना निघाला, तिथे वडील फिटर. टाउनशिपमध्ये रशियन इंजिनिअर बायकामुलांसकट राहायचे. त्यांच्या बायका बाजारात आल्या, की मेथी कुठली आणि शेपू कुठला, हे सांगायला छोटी मालिनी दुभाषी. पुढे तिने रीतसर रशियनचा डिप्लोमा केला आणि लग्न होईपर्यंत विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत आणायचं काम केलं. लग्न झालं, मूल झालं, देश बदलला, आणि रशियन मागे पडलं ते पडलंच. कुणी ढुंकूनही विचारलं नाही. ते वर आलं, ते या फोनमुळे. मालिनीताईंनी पहिल्यांदा झाइडलआजोबांना रशियनमध्ये "जेवलात का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी या साडेपाच फुटी मराठी बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "शेवटी एक तरी कामाचं माणूस पाठवलं म्हणायचं!"

आजोबांचं डोकं दिवसातून थोडा वेळ स्वच्छ असायचं, सकाळच्या कॉफीनंतर. त्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी, त्यांनी मालिनीताईंना आपली सगळी हकीकत सांगितली होती.

शाळेत आपण 'टिपा लिहा'मध्ये 'वॉर्सा करार' लिहायचो, आठवतं? नाटोला उत्तर म्हणून १९५५ साली सोव्हिएत रशिया आणि पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांनी केलेला लष्करी करार, वगैरे वगैरे. चार ओळी, दोन मार्क. त्या चार ओळींत हॉर्स्ट झाइडल नावाच्या माणसाची सगळी उमेदीची वर्षं गेली.

पूर्व जर्मनीचं सैन्य उभं राहिलं, तेव्हा ते नुकते शाळेतून बाहेर पडले होते. सिग्नल विभागात घेतलं. करारातले सगळे देश भाऊ भाऊ, सगळे समान, असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं. पण सरसेनापती कोण? कायम रशियन. एकत्र कवायतीत हुकमाची भाषा कुठली? रशियन. "भाऊ होतो हो," आजोबा म्हणायचे, "पण थोरला एकच, आणि त्याच्या हातात पट्टा." हंगेरी म्हणाली, मी बाहेर पडते, तिच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे आले. अल्बानिया रुसून गेला तो गेलाच. रोमानिया आत राहून मान वाकडी करायचा. आणि पश्चिमेच्या शत्रूसाठी म्हणून बांधलेली ही फौज जेव्हा खरोखर एकत्र मिळून सीमा ओलांडून गेली, तेव्हा कुठे गेली? आपल्यातल्याच एका भावाच्या घरात, चेकोस्लोव्हाकियात, अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये. हा सगळा तमाशा भावाभावांचा!

त्या ऑगस्टमध्ये झाइडल सीमेलगतच्या जंगलात होते. जर्मन तुकड्या झाडांखाली रणगाडे झाकून बसलेल्या, आणि हे रेडिओपाशी जागे. आता 'निघा' असा हुकूम येणार, मग येणार. आलाच नाही. जर्मन गणवेश पुन्हा प्रागच्या रस्त्यांत दिसला तर लोकांना नाझी आठवतील, म्हणून म्हणे ऐन वेळी थांबवलं. पण पेपरात असं छापून आलं, जणू हेही सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून गेले. पुढे राजवट बदलल्यावर शेजारी तोंडावर विचारायचे, प्रागमध्ये तुम्हीच होतात ना?

"गेलो नाही म्हणावं, तर कुणाला पटत नाही," आजोबा म्हणायचे. "आणि हुकूम आला असता तर? गेलो असतो. मग फरक काय पडला, सांगा."

मालिनीताई त्यांचा गार झालेला कप उचलून नवी कॉफी आणायच्या.

त्यानंतरची सगळी नोकरी जमिनीखाली, बंकरमध्ये, एका फोनपाशी. करारातल्या सैन्यांना जोडणारी ती लाइन. उद्या महायुद्धाची हाक आली असती, तर ती तिथूनच. हाक कधी आली नाही. यायचा तो लाइन चालू आहे की नाही हे तपासणारा फोन. पलीकडे वास्या नावाचा रशियन अधिकारी. त्याचा चेहरा यांनी जन्मात पाहिला नाही. कामाचं काही बोलायची मनाई, म्हणून दोघे हवेबद्दल बोलायचे. "तुमच्याकडे काय?" "पाऊस. तुमच्याकडे?" "इथेही." वर्षानुवर्षं हेच. पोलंडमधले कामगार उठले, तिकडे घुसायचे नकाशे टेबलावर उघडले गेले आणि पुन्हा गुंडाळले गेले. तेव्हाही हे दोघे पावसाबद्दलच बोलत होते.

नव्वदच्या शरदात दोन्ही जर्मनी एक व्हायच्या होत्या. पूर्व जर्मनी करारातून बाहेर पडली आणि तिचं सैन्यच बरखास्त झालं. शेवटच्या संध्याकाळी बंकरमधला एकेक जण गणवेश उतरवून घरच्या कपड्यांत निघून गेला. कॅप्टन झाइडल मात्र बसून राहिले. त्यांच्यात नियम साधा होता. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. जाणाऱ्याने म्हणायचं, 'ड्यूटी दिली'. मग येणाऱ्याने म्हणायचं, 'ड्यूटी घेतली'. एवढं झालं की मोकळं. पण बदलीवर येणार कोण? ते सैन्यच उरलं नव्हतं. सकाळी पश्चिमेकडचा एक तरुण लेफ्टनंट आला आणि म्हणाला, "तुम्ही अजून इथेच? दिवे बंद करून निघा की."

पुढच्या वर्षी प्रागमध्ये सह्या होऊन करारच मोडीत निघाला. ती बातमी त्यांनी एका फर्निचरच्या दुकानात रखवाली करताना रेडिओवर ऐकली. करार करणारे सुटले, मोडणारे सुटले, सह्या करून जेवायला गेले. आणि हा माणूस तसाच बसलेला. कॉफीनंतरचा तो थोडा वेळ सोडला, तर मधली पस्तीस वर्षं, बायको, दुकान, सगळं आता डोक्यातून पुसलं गेलं होतं. उरली होती ती संध्याकाळ, आणि न आलेला बदलीचा माणूस.

होमवाल्यांनी आपल्या परीने उपाय केला. पॅसेजच्या टोकाला एक छोटं टेबल ठेवलं, त्यावर एक जुना, तार तुटलेला फोन. आजोबा खूश झाले. खरा फोन सुटला, मालिनीताईंची धावपळ थांबली. पण आता ते त्या टेबलापासून हलेनात. जेवण तिथे, डुलकी तिथे. रात्री पलंगावर यायला साफ नकार. झोपेत दोनदा खुर्चीतून खाली पडले, कपाळ फुटलं. एकदा रात्रपाळीच्या नर्सने दंडाला धरून उठवायला पाहिलं, तर त्यांनी तिला असा धक्का दिला की तिचं मनगट मुरगळलं.

तिथे सगळं फिसकटलं. गुरुवारी वॉर्डची प्रमुख बिर्गिट, आजोबांची मुलगी आन्के आणि मालिनीताई, अशा तिघी जणी ऑफिसात बसल्या. बिर्गिट वाईट बाई नव्हती, पण तिची माणसं कमी आणि म्हातारे जास्त.

"आल्झो, तर असं आहे," ती म्हणाली, "सोमवारी सकाळी डॉक्टर येतायत. शहराबाहेरच्या होममध्ये बंद विभागात एक जागा रिकामी झालीय. बाकीचे कागद तयार आहेत. हेर झाइडल असेच टेबलाला चिकटलेले दिसले, तर डॉक्टर तिकडे हलवा म्हणणार, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येणार नाही."

बंद विभाग म्हणजे दाराला आतून कडी नाही. नंबर दाबून दार उघडायचं, आणि नंबर फक्त नर्सना ठाऊक. मालिनीताईंनी असा विभाग एकदा पाहिला होता. दारापाशी उभी राहिलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आणि तिथे आजोबांशी रशियन बोलणार कोण?

"आणि ते पलंगावर झोपले तर?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी ते मला पलंगावर झोपलेले दाखवा, मी स्वतः डॉक्टरांशी बोलते."

आन्के साठीची बाई, बेकरीत उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. "मला त्यांना कोंडायचं नाहीये," ती म्हणाली. "पण मी थकलेय, फ्राऊ देवरे. फोन वाजला की वाटतं, पुन्हा पडले."

"हो, हो, कळतं मला," मालिनीताई म्हणाल्या. त्यांना खरंच कळत होतं. "माझ्यावर सोडा."

आणि शुक्रवारी त्यांनी घोटाळा केला. चांगल्या मनाने केला, पण घोटाळा तो घोटाळाच. त्यांना वाटलं, खरं काय ते सांगावं, साधी गोष्ट आहे. आजोबांसमोर बसून, हळू आवाजात, रशियनमध्ये त्यांनी सांगितलं, "आजोबा, करार संपलाय. प्रागमध्ये सह्या झाल्या. रशियन सैन्य परत गेलं. आता कुणी फोन करणार नाही. चला, झोपा बघू."

आजोबांचा हात रिसीव्हरवर घट्ट बसला. डोळे बारीक झाले. "हे सांगायला तुम्हाला कुणी पाठवलं?"

तेव्हा मालिनीताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. तीस-पस्तीस वर्षं त्या माणसाला हेच शिकवलेलं होतं, की एक दिवस कुणीतरी गोड बोलून सांगेल, सगळं संपलं, जागा सोडा. असं सांगणारा शत्रूचा माणूस. त्या दिवशी आजोबा कुणाच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. संडासला जायलाही उठले नाहीत. पँट ओली झाली, तरी बसून. मालिनीताईंना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. पँट बदलू द्या म्हणून त्या विनवत राहिल्या, तर ते एवढंच म्हणाले, "बदली येऊ द्या. मग बघू."

बदली येऊ द्या! हे वाक्य मालिनीताईंच्या मनात शनिवारभर घोळत राहिलं. अहो, मागणं केवढंसं होतं! करार संपला की राहिला, याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त हवं होतं, की कुणीतरी यावं, समोर उभं राहावं आणि म्हणावं, आता मी बसतो. मग आपणच का उभं राहू नये?

रविवारी सुट्टी होती, म्हणजे नावाला. यशवंतराव न्हाणीघरात घसरले, लागलं नाही, पण त्यांना उचलता उचलता मालिनीताईंची कंबर धरली. मग चादरी धुतल्या, पोळ्या लाटल्या, मल्हारला 'एकदम ठीक' सांगून झालं. संध्याकाळी त्यांनी आपला गडद निळा कोट घातला, केस चापून बांधले.

"अहो, तासाभरात येते."

"रविवारीसुद्धा?" यशवंतराव गरजले. "त्या म्हाताऱ्यालाच नवरा कर एकदाचा!"

"त्याला निदान चहा तरी लागत नाही दर तासाला," असं म्हणून मालिनीताईंनी दार ओढून घेतलं.

जूनची संध्याकाळ, बाहेर लख्ख उजेड. आजोबा टेबलाशी बसले होते, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. मालिनीताई समोर जाऊन ताठ उभ्या राहिल्या. कंबरेतून कळ गेली, तरी ताठ. "कॉम्रेड कॅप्टन, देवरे. बदलीवर हजर आहे."

आजोबांनी मान वर केली. ते दोन्ही हात टेबलावर रोवून, थरथरत उभे राहिले. झालं, सुटलं, मालिनीताईंना वाटलं. आता 'ड्यूटी दिली' म्हणतील, आपण 'घेतली' म्हणू, आणि माणूस झोपेल.

पण सैन्यातला माणूस तो. बदलीचा माणूस आला, की तो कामाला धड आहे का, हे आधी तपासायचं असतं. ते या ओझरच्या बाईला कुठून ठाऊक असणार?

"दारू?"

"नाही."

"झोप झालीय?"

"झाली."

"हात पुढे करा."

मालिनीताईंनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती. आजोबांनी वाकून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, नीट, डॉक्टरसारखं. मग हळूच खाली बसले.

"खोटं," ते म्हणाले. "तुम्ही झोपलेल्या नाहीत. आजची गोष्ट नाही ही, कितीतरी दिवसांची आहे. कॉम्रेड देवरे, अशा माणसाला मी या फोनवर बसवलं आणि त्याने पेंगताना काही भलतंच ऐकलं, तर? अर्धा युरोप जळून जाईल. कळतं का?"

"कळतं. पण मी जागी राहीन, शपथ घेते..."

"तुम्हाला या अवस्थेत पाठवलं कुणी? तुमच्यावर कुणी अधिकारी आहे की नाही? कुणी बघत नाही तुमच्याकडे?"

"नाही," मालिनीताई म्हणाल्या. ते खरंच होतं, म्हणून पटकन तोंडातून गेलं.

"मग मी आहे. माझा हुकूम ऐका. घरी जा आणि झोपा. उद्या या. तोवर मी बसतो."

एवढंच. 'जा, झोप, मी आहे.' मालिनीताई शेजारच्या स्टुलावर मटकन बसल्या आणि त्यांना हुंदका फुटला. आई गेल्यापासून हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. कारण सगळं ठीक असायचं ना, एकदम ठीक! म्हणाला तो कोण, तर ज्याला स्वतःचं नाव कधी कधी आठवत नव्हतं तो. आजोबांनी खिशातला मळका रुमाल काढून पुढे केला आणि समोर बघत राहिले, रडणाऱ्या माणसाकडे बघू नये म्हणून. मग मालिनीताईंनी एकदा, दोनदा पुन्हा विनवून पाहिलं. उपयोग झाला नाही. हुकूम तो हुकूम.

घरी येऊन त्यांनी यशवंतरावांना खायला घातलं, गोळ्या दिल्या, पहाटेचा अलार्म लावला. डॉक्टर यायच्या आत पोचू, तोंड धुऊन, ताजं दिसून पुन्हा उभ्या राहू, असं ठरवून बाहेर उजेड असतानाच आडव्या झाल्या.

डोळे उघडले तेव्हा ऊन पार भिंतीवर चढलं होतं. त्या ताडकन उठल्या. "अहो! अलार्म वाजला नाही?"

"वाजला की," यशवंतराव पलंगावरून म्हणाले. "मी बंद केला. या डाव्या हाताने. खूप वेळ लागला." मग जरा थांबून, भिंतीकडे बघत, "इतकी गाढ झोपली होतीस. रात्रीही मी हाक मारली नाही तुला. म्हटलं, झोपू दे."

रात्रभर एका कुशीवर पडून राहिला होता तो माणूस, चहावाचून. मालिनीताईंनी यशवंतरावांची कूस बदलली, कपाळावर हात ठेवला आणि पायात चपला सरकवून ट्रामकडे धावल्या.

जिन्यातच बिर्गिट भेटली. तिचा चेहरा बघूनच कळलं. डॉक्टर येऊन गेले होते. आजोबा टेबलाशी बसलेले, डोळे तांबारलेले. डॉक्टरांनी नाडी बघायला हात धरला तर 'लाइन मोकळी ठेवा' म्हणून ओरडले. तिकडची जागा आजच हो म्हटलं तर मिळणार होती. आन्केने रडत रडत सही केली आणि बेकरीत गेली.

मालिनीताई पॅसेजच्या टोकाला गेल्या. आजोबांनी त्यांना येताना पाहिलं. ओळखलं, की रात्रभर नुसती वाट बघत होते म्हणून ओळखल्यासारखं केलं, देव जाणे.

"झोप झाली?"

"झाली," मालिनीताई म्हणाल्या. या वेळी खोटं नव्हतं.

त्यांनी हात बघितले. डोळे बघितले. मान डोलावली. मग टेबलाला धरून ते उभे राहिले, जमेल तेवढे सरळ झाले, आणि पस्तीस वर्षं घशात अडकलेलं ते म्हणाले, "ड्यूटी दिली."

"ड्यूटी घेतली," मालिनीताई म्हणाल्या.

आजोबांनी मोठा श्वास सोडला. भिंतीला हात लावत, कुणाची मदत न घेता आपल्या खोलीत गेले. बूट काढले, पलंगाखाली नीट जोडून ठेवले, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. बिर्गिट दारात येऊन उभी राहिली. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

"ओ गॉट, अरे देवा," ती म्हणाली. "आता? आता झोपतात हे?"

"डॉक्टरांना फोन करा," मालिनीताई म्हणाल्या. "हात जोडते तुमच्यापुढे."

तिने केला, खरंच केला, चांगली बराच वेळ भांडली. पण डॉक्टर म्हणाले, एका सकाळच्या झोपेवरून काही ठरत नसतं. आणि इथली खोली रिकामी होतेय, हे वेटिंगवाल्यांना कळवूनही झालं होतं. मालिनीताई फोनच्या टेबलाशी खुर्चीत बसून राहिल्या. मी थोडं कमी झोपले असते तर, असं त्यांच्या मनात आलं. मग कळलं, की मी कमी झोपून आले असते तर आजोबांनी ड्यूटी दिलीच नसती. यातून बाहेर पडायची वाटच नव्हती. दमले मी, त्या स्वतःशी मराठीत, अगदी मोठ्याने म्हणाल्या.

बुधवारी गाडी आली. दोन दिवस पोटभर झोपल्याने आजोबांच्या गालांवर रंग आला होता. आन्के त्यांच्या कोटाची बटणं लावत होती. पॅसेजमधून नेताना त्यांनी त्या टेबलाकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

मालिनीताई बॅग घेऊन खालपर्यंत गेल्या. "तिथलं दार आतून उघडत नाही," त्या हळूच आन्केला म्हणाल्या, "एवढं आज त्यांना सांगू नका."

"त्यांनी विचारलंच नाही," आन्के म्हणाली. "कुठे जातोय, तेही विचारलं नाही."

आजोबा गाडीत बसले. पट्टा बांधून झाला. मालिनीताई निरोप घ्यायला पुढे झाल्या, खिडकीपाशी वाकल्या. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाला आठी पडली, आणि ते मुलीला जर्मनमध्ये म्हणाले, "या बाईंना वर जाऊ दे, आन्के. फोन सोडून आल्यात त्या. तिथे कुणी नाहीये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मालिनीताई म्हणाल्या. आणि निरोप न घेताच त्या वर जाऊन बसल्या.